खळीच्या पाण्याचं नातं

माझी आत्या भिंतीत जायला तयार नाही. सगळ्या गोंधळाचं मूळ हेच.

भिंत म्हणजे दफनभूमीची नवी भिंत. आमच्या चर्चच्या दफनभूमीत आता मुंगीलाही शिरायला जागा उरलेली नाही, म्हणून मागच्या बाजूला सिमेंटची उंच भिंत बांधलीये आणि तिच्यात पोस्टाच्या पेट्यांसारखे खण केलेत. माणूस गेला की खणात सरकवायचा, वर फरशी बसवायची, फरशीवर नंबर टाकायचा. माझा काका, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, त्या भिंतीत आहे, अगदी वरच्या रांगेत. आत्या त्याला भेटायला जाते तेव्हा मान वर करून बोलते आणि घरी येऊन मानेला शेक घेते. फुलं ठेवायला शिडी लागते, आणि शिडी रखवालदाराच्या खोलीत कुलपात.

"लहानपणी मी वाकून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या," आत्या म्हणते, "आणि आता त्याच्याकडे छताकडे बघितल्यासारखं बघायचं. मला नाही जायचं बाई तिथे. मला पणजीपाशी ठेवा."

पणजी म्हणजे आत्याची पणजी. हिशेबाने ती माझी खापरपणजी लागते, पण आमच्या घरात लहानथोर सगळेच तिला पणजी म्हणतात. तिची जुनी कबर आहे, तिने स्वतःच्या नावावर घेतलेली. नवऱ्याला कुठे पुरलं कुणाला ठाऊक नाही, तो कामाच्या मागे दुसऱ्या गावी गेला आणि तिथेच संपला. पण पणजीच्या कबरीत तिच्यानंतर आत्याचे आजोबा गेले, मग आत्याचे आईवडील गेले. एकाच खड्ड्यात एकावर एक, सुखाने नांदतायत.

आत्याने ऐंशी ओलांडलीये. लग्न केलं नाही. जन्मभर इस्त्री केली, आधी लाँड्रीत, मग घरच्या घरी. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं की हृदय थकलंय, आता जपा. आत आले तर आत्या म्हणाली, "काय म्हणतो तो? किती दिवस?" मी म्हटलं, काही नाही, पालेभाज्या खा म्हणाला. ती म्हणाली, "तू खोटं बोलतेस तेव्हा तुझं नाक लाल होतं. जा, कबरीचं बघ."

म्हणजे हे काम माझ्या गळ्यात पडलं. मला भावंडं आहेत, चुलतभावंडं आहेत, सगळी शिकलेली, सगळ्यांकडे कॉम्प्युटर. पण "तुझं दुकान आहे ना, तुला वेळ असतो" असं म्हणून सगळे मोकळे. माझं कपडे आल्टर करायचं दुकान आहे. मी लोकांच्या पँटी आखूड करते, कमरा सैल करते आणि 'तुम्ही जाड नाही झालात, कापड आटलंय' असं दिवसभर सांगते. याला वेळ असणं म्हणतात, ठीक आहे.

तर मी पॅरिश ऑफिसात गेले. तिथे एक बाई बसतात, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी नियमाचा कागद माझ्यापुढे सरकवला. जुनी कबर उघडायची तर ती फक्त मूळ धारकाची मुलं, नातवंडं, पतवंडं अशा थेट वंशासाठी, आणि तो वंश चर्चच्या रजिस्टरांत दिसला पाहिजे.

"अहो, पण हिचे आईवडील, आजोबा, सगळे त्यातच आहेत," मी म्हटलं.

"ते नियमाच्या आधी गेले."

"आत्याला कुणी सांगितलंच नाही लवकर जा म्हणून."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, आत्याचे वडील कुणाचे आणि आजोबा कुणाचे हे सिद्ध करा, की झालं. वडिलांचं लगेच निघालं. राहिले आजोबा. आजोबा पणजीचेच, यात सिद्ध काय करायचं, असं माझं मत. सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी रजिस्टरात बघतं का?

बाईंनी पणजीच्या लग्नाची नोंद काढली. दीडशे वर्षांपूर्वीचा कागद, चहाच्या रंगाचा, अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. नवऱ्याचं नाव, धंदा: लाँड्रीतला बॉयलरवाला. बायकोचं नाव, धंदा: त्याच लाँड्रीत इस्त्रीवाली. इथवर सगळं आम्ही ऐकत आलो तसंच. ती वाफेवर चालणारी मोठी लाँड्री होती, इस्पितळांच्या चादरी आणि बड्या लोकांच्या कॉलरी तिथे यायच्या. पणजी तिथे उभ्याने इस्त्री करायची आणि तापलेल्या इस्त्रीला उघडं बोट लावून तिचा ताव बघायची. आत्याही तसंच करते. घरात म्हणतातच, आत्याला पणजीचे हात मिळालेत.

मग बाईंनी बाप्तिस्म्यांची सूची काढली. सूचीत फक्त मूल, बाप आणि तारीख. आजोबांचं नाव सापडलं, बापाचं जुळलं. बाईंनी तारखेवर बोट ठेवलं, लग्नाच्या तारखेवर दुसरं बोट ठेवलं आणि चष्मा काढला.

"बाळ लग्नाच्या आधी वर्षभर," त्या हळूच म्हणाल्या. खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी हळूच.

मी घरी आले. आत्या उशीच्या अभ्र्याला इस्त्री करत होती. डॉक्टरांनी मना केलंय, पण सांगणार कोण. मी पंखा लावला, तिला पाणी दिलं आणि शब्द जुळवत जुळवत सांगितलं की आजोबा लग्नाच्या आधीचे आहेत.

"तिचेच ना?" आत्या म्हणाली.

"तिचेच असणार."

"मग झालं. मला वाटलं काय झालं." आणि तिने अभ्रा उलटा केला. मी उगाच घामाघूम झाले होते.

दुसऱ्या खेपेला बाईंनी लग्नाच्या नोंदीच्या कडेला असलेली बारीक ओळ दाखवली. लॅटिन. बाईंना लॅटिन येत नाही, पण इतकी वर्षं रजिस्टरं उलटून चार-दोन शब्द ओळखीचे झालेत. "नात्याचा अडसर," त्या म्हणाल्या, "आणि बिशपांची मुभा. म्हणजे नवरा-बायको आधीपासून नात्यातले. चुलत-मामे भावंडं असतील."

मी हे चुलतभावाला फोनवर सांगितलं आणि पस्तावले. त्याचा डावा कान जन्मापासून मंद. त्याला इतका आनंद झाला की विचारू नका. "तरी म्हटलं," तो म्हणाला, "हे रक्तातलंच आहे. माझा कान, तुझा तापट स्वभाव, धाकटीचा तिरळेपणा." संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या नातेवाइकांना कळवलं. त्याची बायको मला म्हणाली, "तुमच्या घराण्याचं असं काही असणार हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं." मी फोन ठेवला. नाहीतर तोंडातून भलतंच गेलं असतं.

तिसऱ्या खेपेला बाईंनी आजोबांच्या बाप्तिस्म्याची पूर्ण नोंद काढली, आणि तिथे मात्र माझी मती गुंग झाली. बापाचं नाव बरोबर. बाळाचं नाव बरोबर. आईच्या जागी भलत्याच बाईचं नाव. आणि पणजीचं नाव? ते आहे, पण खाली, चार ओळी लॅटिनच्या मधोमध, कुठलाही संबंध नसल्यासारखं.

"फादरांनी चुकून आईचं नाव खाली लिहिलं असेल," मी म्हटलं.

"किंवा हे बाळ दुसरंच आहे," बाई म्हणाल्या. "बॉयलरवाल्याच्याच नावाचा दुसरा कुणी."

"मग आमचं बाळ कुठे गेलं?"

"ते मी कसं सांगू?"

तेवढ्यात नवे फादर आत आले. तरुण आहेत, स्कूटरवर फिरतात, भला माणूस. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ आणलं. "आमच्या वेळी लॅटिन ऑप्शनला होतं," ते म्हणाले, "मी संगीत घेतलं." मग त्यांनीच सांगितलं की निवृत्त फादरांच्या घरी एक म्हातारे फादर आहेत, त्यांना विचारा. आणि जाताना म्हणाले, "कबर उघडायचा अर्ज दफनभूमी समितीपुढे जातो, तिची बैठक येत्या रविवारी आहे. त्यानंतर थेट उन्हाळ्यानंतर." आत्याकडे उन्हाळा होता की नाही ते मला ठाऊक नव्हतं.

म्हातारे फादर व्हरांड्यात शाल पांघरून बसले होते. मी फोनमधले दोन्ही नोंदींचे फोटो मोठे करून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं, एकदा हसले, मग गंभीर झाले, मग परत सुरुवातीपासून वाचलं. मी खुर्चीच्या टोकावर.

"तुझी पणजी धीट बाई होती, पोरी," ते म्हणाले.

"आई तीच ना पण?"

"थांब, नीट ऐक. इथे लिहिलंय की फादरांनी या बाळाला शर्तीचा बाप्तिस्मा दिला. कारण आदल्या दिवशी बाळ लाँड्रीतच जन्मलं, इस्त्रीच्या दालनात, चादरींच्या ढिगावर. दिवस भरायच्या आधीच. आई तिथेच काम करणारी, बॉयलरवाल्याची बायको. बाळ निळं पडलं होतं, जगेल असं कुणाला वाटेना. फादरांना आणायला वेळ नव्हता. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या इस्त्रीवालीने, म्हणजे तुझ्या पणजीने, हाताशी होतं ते भांडं उचललं, बाळाच्या डोक्यावर ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. मरायला टेकलेल्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. चुकलं कुठे, तर भांड्यात खळ होती."

"खळ?"

"कपड्यांची खळ. बाप्तिस्म्याला पाणी लागतं. खळीला पाणी म्हणायचं की पेज म्हणायचं, यावर फादर अडले. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी परत बाप्तिस्मा दिला, 'आधीचा झाला नसेल तर' असं म्हणून. याला शर्तीचा म्हणतात."

"आणि आई?"

"आई त्याच घटकेला गेली. बाळ वाचलं."

मी पदराने चेहरा पुसला. व्हरांड्यात कुणीतरी रेडिओ लावला होता, तो बंद करावासा वाटला. म्हणजे पुढे वर्षभराने पणजीने त्या विधुर बॉयलरवाल्याशी लग्न केलं आणि ते बाळ वाढवलं. आत्याच्या आजोबांना पणजीने जन्म दिलेलाच नाही.

"मग ती चुलत-मामे भावंडं?" मी विचारलं.

"कसली भावंडं? नातं आहे ते बाप्तिस्म्याचं. बाप्तिस्मा देणारी बाई म्हणजे त्या बाळाची जणू दुसरी आई, असं चर्च धरायचं. त्यामुळे बाळाच्या बापाशीही तिचं नातं लागायचं, आणि त्या काळी त्या नात्यात लग्न चालत नसे. म्हणून बिशपांची मुभा."

"पण बाप्तिस्मा खळीचा. तो झालाच नसेल तर नातं कुठलं?"

"शाबास," म्हातारे फादर खूश झाले. "झाला नसेल तर नातं नाही. झाला असेल तर आहे. म्हणून लग्नाच्या नोंदीत लिहिलंय, मुभा सावधगिरीने घेतली, शंका आहे म्हणून."

"म्हणजे नातं होतं की नव्हतं? एक काय ते सांगा फादर."

"ते देवाला ठाऊक," ते म्हणाले. "आणि खळ किती घट्ट होती त्यावर."

मी तिथून बसथांब्यावर आले आणि भलत्याच बसमध्ये चढले. डोक्याचा नुसता भुगा. आई ती आई नाही, जी आई नाही ती जणू आई, पण तेही खळ पातळ असेल तर. आणि रविवारी समितीला मी काय सांगू? वंश थेट आहे का? थेट आहे, पण भलत्याच बाईचा. खोटं बोलावं असंही मनात आलं, का येऊ नये? पण ऑफिसातल्या बाईंनी आईचं नाव डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि माझं नाक लाल होतं.

आत्याला सांगायचं नाही असं ठरवून मी घरात शिरले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि इस्त्रीचं बटण बंद केलं. "बोल," म्हणाली. मग सगळं सांगितलं, चादरींच्या ढिगापासून बिशपांच्या मुभेपर्यंत. मी संपवल्यावर आत्या म्हणाली, "कॉलरची की चादरीची?"

"काय?"

"खळ. कॉलरची घट्ट असते, बोट बुडवलं की चिकटतं. चादरीची अगदी पातळ, नुसतं गढूळ पाणी. चादरींच्या ढिगावर जन्मले म्हणजे चादरीचीच असेल."

मला हसू आलं, आणि तीही हसणार असं वाटलं, पण तिने समोरच्या अभ्र्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग आपले दोन्ही हात पालथे करून टेबलावर ठेवले. बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झालीत तिची.

"मग हे कुणाचे?" ती म्हणाली.

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"मी चौदा वर्षांची होते. बाबांनी माझे हात बघितले, म्हणाले, हिला शिकवून काय करायचं, पणजीचे हात आहेत, इस्त्री रक्तातच आहे. आणि मला शाळेतून काढून लाँड्रीत नेलं. मला वाईट नाही वाटलं तेव्हा. वाटलं, आपल्याला काहीतरी मिळालंय." तिने हात मांडीवर घेतले. "मला भूगोल आवडायचा गं. नकाशे काढायला."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून भूगोल हा शब्द मी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं आणि रागही आला. राग नक्की कुणाचा ते कळेना. तिच्या बाबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, असावा. ते तर कधीच त्या कबरीत जाऊन निवांत झोपलेत.

"अर्ज परत घे," आत्या म्हणाली. "जिची मी कुणी नाही, तिच्या कबरीत मी घुसणार नाही. घाला मला भिंतीत. निदान धाकट्याच्या शेजारी घाला." आवाज इतका बारीक की मला तिच्याजवळ सरकावं लागलं. आमची आत्या, जी रस्त्याच्या पलीकडच्या भाजीवाल्याशी खिडकीतून भांडायची.

अर्ज मी परत घेतला नाही. रविवारी समितीसमोर जाऊन बसले. नवे फादर होते, खजिनदार होते आणि भिंत बांधणारे ठेकेदार होते. खजिनदारांनी ऑफिसातल्या बाईंचा कागद वाचला आणि फाइल मिटली.

"वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण हा वंश धारक बाईंचा नाहीच. पहिल्या बायकोचा आहे. नियम स्पष्ट आहे."

"भिंतीत जागा आहे," ठेकेदार म्हणाले. "खालच्या रांगेत देऊ, शिडी नको."

खरं सांगते, मी घरून काही तयारी करून गेले नव्हते. पण ती खालची रांग ऐकली आणि माझं डोकं फिरलं.

"एक सांगा," मी म्हटलं. "माझ्या पणजीने ते बाळ वाढवायला त्याच्या बापाशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा तिला कुणी अडवलं?"

"अडवलं म्हणजे, तेव्हाचा नियम," फादर म्हणाले.

"कुठला नियम? की तू या बाळाची दुसरी आई झालीस, आता याच्या बापाची नातलग आहेस. तुमच्याच रजिस्टरात लिहिलंय. लग्न अडवायला ती आई होती, आणि आता कबर उघडायची म्हटल्यावर कुणी नाही? असं कसं चालेल?"

"पण ताई," खजिनदारांनी चष्मा सारखा केला, "तो बाप्तिस्मा खळीने झाला होता. तो झाला की नाही याचीच शंका आहे. नातंच संशयित."

"होती ना शंका? तेव्हाही होती. तेव्हा शंका होती तरी नातं धरलंत, गरीब बाईला बिशपांपर्यंत अर्ज करायला लावलंत. आता शंका आहे तरी नातं धरा. शंका एकच आहे, दीडशे वर्षं तीच. दर वेळी तुमच्याच बाजूने का पडते ती?"

खजिनदारांनी फादरांकडे पाहिलं, फादरांनी ठेकेदारांकडे पाहिलं, ठेकेदार म्हणाले, "माझ्याकडे काय बघता, मी सिमेंटवाला." मग फादर फाइल ओढून घेत म्हणाले, "मला हे नीट कळलंय असं मी म्हणणार नाही. पण म्हणणं चुकीचं कुठे आहे तेही मला सापडत नाहीये." आणि त्यांनी अर्जावर लिहिलं: शंकेचा फायदा बाळाच्या वंशाला द्यावा. खजिनदारांनी खाली सही केली, जरा रागानेच.

मी पळत घरी आले. वाटलं होतं आत्या रडेल, निदान माझी पाठ थोपटेल. तिने कागद वाचला, घडी करून उशीखाली ठेवला आणि विचारलं, "आणि ती कुठे आहे?"

"कोण?"

"जी चादरींवर गेली ती."

ते मी बाईंना विचारलं होतं. गरिबांना तेव्हा सार्वजनिक चरात पुरायचे, वर काही खूण नसायची. पुढे ती जागा रस्त्यात गेली. मी तेही सांगितलं. आत्याने उशी सारखी केली. मग म्हणाली, मला एकदा कबरीपाशी घेऊन चल, दगडावर नाव कोरणाऱ्यालाही बोलाव. मला आश्चर्य नाही वाटलं. आपल्या नावाचं आपण आधीच बघून ठेवणारी माणसं असतात, आणि आत्या कुणावर काम टाकून जाणाऱ्यातली नाही.

टॅक्सीतून उतरून कबरीपर्यंत यायला तिला तीनदा टेकावं लागलं. पाथरवट आधीच येऊन दगड मोजत होता. वर पणजीचं नाव, खाली आजोबांचं, मग आत्याच्या आईवडिलांची.

"जागा एका ओळीचीच आहे," तो म्हणाला. "दुसरं नाव बसणार नाही. सांगा, कुणाचं कोरायचं?"

आत्याने नाव सांगितलं. सावकाश, मोठ्याने, एकेक अक्षर वेगळं करून. ते तिचं नाव नव्हतं. ते रजिस्टरातल्या त्या बाईचं नाव होतं. आमच्या घरात ते नाव पहिल्यांदाच कुणीतरी घेत होतं.

"आत्या, अगं आणि तू?"

"मी कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. तिचं कुणाला ठाऊक आहे? ती मरत होती तेव्हा तिच्यापाशी कोण होतं? पणजीच होती ना, भांडं घेऊन. मग पणजीपाशीच लिहा तिला."

पाथरवटाने पेन्सिल कानावरून काढली आणि माझ्याकडे पाहिलं. जी बाई कुठे आहे तेच माहीत नाही, तिचं नाव या दगडावर, आणि जी इथे येणार तिचं नाव कुठेच नाही.

"पण आत्या," मी म्हटलं, "ती इथे नाहीये गं."

"नसू दे," आत्या म्हणाली. "मी तरी कुठे पणजीची आहे."